‘गावी’ हा शेरा

रविवार, २ मार्च. सकाळी आठ वाजून पंचावन्न मिनिटं. लालबागमधल्या एका आरोग्य केंद्राचं शटर अर्ध्यावर उचललेलं आहे आणि आत, लसींच्या फ्रिजसमोर, मॉड मिस्किटा चष्मा कपाळावर सरकवून उभ्या आहेत. या फ्रिजचं झाकण वरून उघडतं. टोपलीत आडवा ठेवलेला थर्मामीटर त्या उचलत नाहीत. वाकून जागच्या जागी वाचतात, कारण हातात घेतला की हाताची ऊब त्याला लागते. अधिक चार. झाकण बंद. भिंतीवरच्या तक्त्यात तारीख, वेळ, आकडा, सही. सगळ्याला मिळून एक मिनिटही लागत नाही.

लसी दोन ते आठ अंशांत राहिल्या पाहिजेत आणि तापमान दिवसातून दोनदा लिहिलं पाहिजे, असा नियम आहे. सुट्टीचा दिवस त्यातून वगळलेला नाही. केंद्रात चार परिचारिका आहेत. तिघींच्या घरी रविवार असतो. मॉडबाईंचे पती मॅल्कम नऊ वर्षांपूर्वी गेले, त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी कोणाला तरी लग्नाला जायचं होतं म्हणून त्या आल्या, आणि पुढे रविवार त्यांचेच झाले. ठरवलं कोणीच नव्हतं. चर्चमधली सातची मिस्सा आटोपून माझगावहून बसने यायचं, आकडा लिहायचा, परत जायचं, पाचला पुन्हा यायचं. दुपारी दीडला मुलगी कॅरिसा आयर्लंडहून फोन करते. साधारण सात मिनिटं. दोन वर्षांपूर्वी कॅरिसाला मुलगा झाला तेव्हा मॉडबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो लसींच्या तारखांचा. कॅरिसा म्हणाली होती, “ममा, आज जरा आजी हो ना. नर्स उद्या हो.”

मॉडबाई पंचावन्न वर्षांच्या आहेत. माझगावच्या माथारपाखाडीतल्या जुन्या घरात, लाकडी जिन्याच्या वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. मॅल्कम गोदीत क्रेनवर होते. गेली बावीस वर्षं मॉडबाईंची एकच नोकरी, एकच भाग: लालबाग ते करी रोड. या बावीस वर्षांतली अठरा वर्षं या भागात मोरेश्वर चाळ होती आणि चाळीत एकशे चोवीस खोल्या होत्या.

त्या खोल्यांचा एक नकाशा मॉडबाईंकडे अजून आहे. वहीच्या जोडपानावर पेन्सिलीने काढलेला. चार मजले, प्रत्येक मजल्यावर एकतीस चौकोन, चौकोनात आडनाव, आडनावाखाली मुलांची नावं आणि जन्मतारखा. घरं रिकामी झाली, मुलं मोठी झाली, तसतसं खोडून पुन्हा लिहिलेलं. काही चौकोनांत कागद पातळ झाला आहे.

चाळीत त्यांना कधी दार वाजवावं लागलं नाही. बुधवारी सकाळी चौकात उभं राहून ‘डोसवाली आली’ म्हटलं की कठडे भरायचे. कोणी आलं नाही तर जिन्याजवळच्या खोलीतल्या गंगुबाई मांजरेकर वरूनच सांगायच्या, की तिसऱ्या मजल्यावरची बाळंतीण माहेरी गेली, बावीस नंबरच्या पोराला ताप आहे, अमक्यांची सून घरात आहे पण सासू सोडत नाही. मॉडबाईंचं निम्मं काम गंगुबाई जागेवर बसून करायच्या. आणि खोलीला बाहेरून कुलूप दिसलं तर विचारायचंही काम नव्हतं. गिरणगावात कुलूप म्हणजे गावी. मे महिन्यात, गणपतीत, शिमग्यात अख्खा मजला कोकणात जायचा. नोंदवहीत त्या नावापुढे ‘गावी’ असा शेरा लिहायचा आणि माणसं परतली की राहिलेला डोस द्यायचा. ती परतायचीच.

चाळ चार वर्षांपूर्वी पडली. तिच्या जागी तेवीस मजल्यांची इमारत झाली आणि गेल्या वर्षी एप्रिलपासून लोक राहायला आले. फ्लॅट सोडतीने मिळाले. एका भिंतीला पाठ लावून चाळीस वर्षं राहिलेल्या दोन घरांपैकी एक चौथ्यावर गेलं, दुसरं एकविसाव्यावर. बऱ्याच जणांनी फ्लॅट भाड्याने दिले. वॉचमन वहीत नाव लिहायला लावतो आणि विचारतो, “मॅडम, किसके यहाँ?” मॉडबाईंना कोणाकडेच जायचं नसतं, सगळ्यांकडे जायचं असतं.

आता त्या विषाणूबद्दल, ज्याच्यामुळे पुढचं सगळं घडलं.

रोटाव्हायरस सूक्ष्मदर्शकाखाली चाकासारखा दिसतो आणि लॅटिनमध्ये चाकाला रोटा म्हणतात, म्हणून हे नाव. त्याचे बरेच प्रकार आहेत. पाच वर्षांखालच्या जवळजवळ प्रत्येक मुलाला तो कधी ना कधी गाठतो. आधी उलट्या, ताप, मग पाण्यासारखे जुलाब, दिवसातून दहा-बारा. मूल दगावतं ते जंतूने नव्हे, अंगातलं पाणी संपल्याने. आपल्याकडे त्याचा जोर थंडीच्या महिन्यांत असतो. घर स्वच्छ आहे की नाही याने त्याला फारसा फरक पडत नाही. तो दाराच्या मुठीवर, खेळण्यांवर दिवसचे दिवस टिकतो. हात धुतल्याने त्याचा प्रसार कमी होतो, थांबत नाही. थांबवायला म्हणून जे आहे ते एवढंच: बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचं असताना तोंडावाटे द्यायचे तीन डोस. महाराष्ट्रात ही लस सरकारी केंद्रांवर २०१९ साली आली. त्याआधीचे जानेवारी मॉडबाईंना आठवतात. चाळीत रोज आठ-दहा घरी जलसंजीवनीची पाकिटं पोहोचवावी लागत. प्रत्येक घरात एकच उत्तर मिळे, दात येतायत, दाताची हगवण आहे. नंतरच्या वर्षांत ही संख्या उतरत गेली. किती उतरली हे त्या अंदाजाने सांगत नाहीत. “वही बघावी लागेल,” म्हणतात.

पहिला डोस राहिला असेल तर तो वर्ष पूर्ण होण्याआधी देता येतो. वर्ष पूर्ण झालं की या लसीची सुरुवात करत नाहीत.

ओवी विनीत तांबे, फ्लॅट १९०४, जन्म गेल्या वर्षी ६ फेब्रुवारीचा. तिची आई प्राची बाळंतपणाला माहेरी चिपळूणला गेली होती. तिथल्या एका खासगी दवाखान्यात ओवीची इंजेक्शनं वेळेवर झाली. तोंडावाटे द्यायचा डोस त्या आठवड्यांत तिथे शिल्लक नव्हता. मुंबईला गेल्यावर घ्या, असं सांगण्यात आलं. जुलैमध्ये प्राची केंद्रावर आली, पण तो लसीचा दिवस नव्हता. मॉडबाईंनी नाव, फ्लॅट नंबर आणि नवऱ्याचा मोबाइल नंबर लिहून घेतला, बुधवारी यायला सांगितलं. त्या बुधवारी प्राचीची रजा संपली होती. ती प्रभादेवीला एका विमा कंपनीच्या कार्यालयात काम करते. सकाळी आठ पन्नासला घर सोडते, ओवीला करी रोडच्या पुलापलीकडच्या पाळणाघरात ठेवते, संध्याकाळी सातला दोघी परततात. विनीत विमानतळावर सामान चढवण्याच्या विभागात आहे. पाळ्या बदलत्या, कामावर असताना फोन जमा करावा लागतो.

मॉडबाई १९०४ला तीनदा गेल्या. सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबरमध्ये, नोव्हेंबरमध्ये. तिन्ही वेळा सकाळी साडेअकराच्या सुमारास, म्हणजे चाळीत ज्या वेळी त्या जायच्या त्याच वेळी. तिन्ही वेळा दाराला कुलूप. पहिल्यांदा गणपती होते, दुसऱ्यांदा दसरा, तिसऱ्यांदा दिवाळी. विनीतचा फोन दोनदा लावला, उचलला गेला नाही. नोंदवहीत ओवीच्या नावापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात तीन तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द आहे. गावी.

डिसेंबरात पोलिओच्या रविवारी प्राची ओवीला बूथवर घेऊन गेली. थेंब पाजले, करंगळीला शाई लागली. तोंडावाटे द्यायचं राहिलेलं ते हेच, असं समजून ती निश्चिंत झाली.

१२ जानेवारीला ओवीला उलट्या सुरू झाल्या. प्राचीची आई फोनवर म्हणाली, दाताचं असेल, मुरुडशेंग उगाळून दे. प्राचीने दिली. उलटी होते म्हणून पाणी कमी केलं. दीड दिवसाने ओवी रडायची थांबली. डोळे खोल गेले, ओठ सुकले, आठ तासांत लंगोट ओला झाला नाही. विनीत दुसऱ्या पाळीला होता. प्राचीने शेजारच्या १९०३ची बेल वाजवली, १९०५ची वाजवली. एका घरात कोणी नव्हतं, दुसऱ्यातून आतूनच कोण म्हणून विचारलं गेलं आणि दार उघडायच्या आत ती लिफ्टमध्ये शिरली. टॅक्सीने परळला रुग्णालयात गेली. सलाइन चार दिवस लागलं.

२० जानेवारीच्या सोमवारी ती ओवीला कडेवर घेऊन केंद्रात आली. डॉक्टरांनी चौदा दिवस झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या हव्या होत्या. मॉडबाईंनी गोळ्या मोजून दिल्या, अर्धा चमचा पाण्यात कशी विरघळवायची ते दाखवलं आणि सवयीने लसीचं कार्ड मागितलं. रोटाचे तीन रकाने कोरे होते. त्यांनी नोंदवही काढली, १९०४चं पान उघडलं. वही टेबलावर होती, प्राची समोर उभी होती, आणि मॉडबाईंचं अक्षर स्वच्छ आहे.

“गावी?” प्राची म्हणाली. तिने तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं. “कोण गेलं होतं गावी?”

मॉडबाईंनी तिच्या बोटामागोमाग तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

“गुहागरच्या घराची किल्ली चुलत्यांकडे आहे. सहा वर्षं झाली, ह्यांना पायरी चढू दिलेली नाही. सासू-सासरे गेले. सिस्टर, आम्हाला गावच नाही. गणपतीत पूर्ण मजल्यावर मी आणि ही, दोघीच होतो.”

गोळ्या घेऊन ती गेली. कार्ड टेबलावरच राहिलं.

केंद्राच्या डॉक्टर संघमित्रा गायकवाड वयाने मॉडबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. त्यांनी कार्ड पाहिलं, वही पाहिली. एकदा झालं म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही, त्या म्हणाल्या, जुलाब थांबलेत, बाळ खातंय, तर पहिला डोस द्या. पण सहा फेब्रुवारीच्या आत. आई तयार नसेल तर ‘नकार’ लिहा आणि तिची सही घ्या.

“तिने नकार दिलेला नाही, डॉक्टर,” मॉडबाई म्हणाल्या. “तिला कोणी विचारलंच नाही.”

हातात सतरा दिवस होते. त्या संध्याकाळी साडेसातला मॉडबाई एकोणिसाव्या मजल्यावर गेल्या. केंद्र चारला बंद होतं. मधले तीन-साडेतीन तास माझगावला जाऊन परत येण्यापेक्षा त्या केंद्राच्या पायरीवर बसल्या. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाला कळवायचंही नव्हतं.

प्राचीने लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं उघडलं नाही. मॉडबाईंनी जाळीतून कार्ड आत दिलं.

“मी चुकले,” त्या म्हणाल्या. “कुलूप बघितलं आणि लिहिलं. विचारलं नाही.”

प्राची कार्डाकडे बघत राहिली. आत ओवी कशावर तरी चमचा आपटत होती. मग प्राचीने विचारलं, “तेव्हा दिला असता तर झालं नसतं?”

चाळीत असता तर या प्रश्नाला मॉडबाईंनी हो म्हणून टाकलं असतं. आया घाबरलेल्या असतात, त्यांना हो हवं असतं. इथे त्या म्हणाल्या, “झालं असतंही. ही लस सगळे जुलाब थांबवत नाही. सलाइन लावायची पाळी बहुधा आली नसती. बहुधा. नक्की मला सांगता येणार नाही.”

“आणि आता देऊन काय?”

“त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. दुसऱ्यांदा होऊ शकतं. पहिल्याइतकं वाईट सहसा होत नाही, पण होतं. सहा तारखेच्या आत दिला तर तीनही देता येतील. नंतर मला देता येणार नाही.”

“मी दीड दिवस वाट बघितली, सिस्टर.” प्राचीने हे जाळीकडे बघून सांगितलं. “आई म्हणाली दाताचं आहे. मी पाणीसुद्धा कमी केलं. ते कोणत्या वहीत लिहिता तुम्ही?”

“कुठल्याच नाही,” मॉडबाई म्हणाल्या. “वहीत फक्त माझं येतं.”

बुधवारी सकाळी येणं जमणार नाही, प्राचीने सांगितलं. रुग्णालयाच्या चार दिवसांत रजा संपली आहे. मग तिने दार लावलं. रागाने नाही, सावकाश.

खाली उतरताना मॉडबाई अकराव्या मजल्यावर थांबल्या. या इमारतीत एकच दार दिवसभर उघडं असतं आणि ते गंगुबाईंचं आहे. दार बंद ठेवावं, अशी सोसायटीची नोटीस त्यांना दोनदा आली आहे. मुलगा आणि सून नोकरीला जातात. गंगुबाई दारासमोर खुर्ची टाकून लिफ्टच्या आकड्यांकडे बघत बसतात.

“काय गो सिस्टर, वाट चुकलंस?” त्या म्हणाल्या. मॉडबाई दार लोटायला लागल्या तेव्हा हात वर केला. “लोटू नको. उघडाच ऱ्हवांदे. कोणतरी जाता-येता दिसता.”

मॉडबाईंनी विचारलं, मावशी, १९०४मध्ये तांब्यांच्या विनीतचं बिऱ्हाड आहे, त्याला मुलगी झाली, माहीत होतं का?

गंगुबाईंना माहीत नव्हतं. विनीत लहानपणी त्यांच्या जिन्यावर पडून कपाळ फोडून घेतलेला पोर. त्याची बायको त्यांनी पाहिली नव्हती. त्या म्हणाल्या, “चाळीत होतंय तेव्हा तुका सगळा सांगी होतंय. हयसर कोण जल्मलो नि कोण मेलो, ता वॉचमनाक विचारूचा लागता.”

वहीत शेरा खोडायचा नसतो. त्यावर एक आडवी रेघ मारायची, पुढे दुरुस्ती लिहायची, सही करायची. दुसऱ्या दिवशी मॉडबाईंनी तीन रेघा मारल्या आणि लिहिलं: ‘घरी. आईची नोकरी. संध्याकाळी सातनंतर भेट.’ मग त्यांनी पान उलटलं. त्या इमारतीतल्या मुलांपुढे ‘गावी’ हा शेरा आणखी चार ठिकाणी होता. अक्षर सगळं त्यांचंच.

इमारतीतच सकाळी लवकर लसीचं सत्र लावता येईल का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, एका मुलासाठी लसींचा डबा हलवता येणार नाही, निदान पाच मुलं दाखवा.

पुढच्या सहा संध्याकाळी मॉडबाई त्या इमारतीत होत्या. साडेसहा ते नऊ. तेविसाव्या मजल्यापासून खाली, प्रत्येक मजल्यावर सहा दारं, एकशे अडतीस. काही दारांवर कॅमेरे होते. त्यांच्यासमोर त्या ओळखपत्र धरून उभ्या राहात. काहींनी काही विकायला आलेल्या समजून नको म्हटलं. एका बाईने आत बोलावून चहा दिला आणि आपलं मूल सव्वीस वर्षांचं असून पुण्यात असतं, असं सांगितलं. तिथे त्या वीस मिनिटं बसल्या, गरज नव्हती तरी. नवीन कोऱ्या पानावर त्यांनी दुसरा नकाशा काढायला घेतला. सहाव्या संध्याकाळी त्यात दोन वर्षांखालची अकरा मुलं होती. सात जणांचं काही ना काही राहिलेलं. ‘गावी’ लिहिलेल्या पाचांपैकी गावी खरंच गेलेलं एक होतं.

१९०४ला त्या या सहा दिवसांत एकदाच गेल्या. ३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी आठ ते दहा, एवढं सांगितलं. विनीतने दार उघडलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि सांगतो म्हणाला.

जागेचा प्रश्न होता. सोसायटीचे सचिव रघुवीर सामंत यांनी तळमजल्यावरच्या हॉलसाठी अर्ज द्यायला सांगितलं. समितीची बैठक दहा तारखेला होती. मॉडबाईंनी हे गंगुबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अर्ज कित्याक? माझा दार उघडाच आसा.”

सोमवारी आठला अकराव्या मजल्यावर निळा डबा आला. गंगुबाईंनी सुनेला सांगून हॉलमधली दिवाणाची चादर बदलून घेतली होती आणि स्वतः इस्त्रीचं लुगडं नेसल्या होत्या. साडेआठपर्यंत तीन मुलं झाली. प्रत्येक आईला गंगुबाई मूळ आडनाव, गाव आणि चाळीतला खोली नंबर विचारत होत्या. एक जण भाडेकरू निघाली, नाशिकची. तिलाही त्यांनी विचारलंच.

प्राची आठ पन्नासला निघते, हे मॉडबाईंना माहीत होतं. आठ एकावन्नला लिफ्टवरचा आकडा १९वर थांबला. दारातल्या खुर्चीवरून तो स्पष्ट दिसत होता. मग १८, १७. गंगुबाईंनी मॉडबाईंकडे पाहिलं. १२. ११. लिफ्ट न थांबता खाली गेली.

पाठोपाठ आणखी दोन मुलं आली. मॉडबाईंनी त्यांचं काम केलं, कार्डं भरली, पुढच्या तारखा सांगितल्या. नऊ वाजता सामंत येऊन गेले, पुढच्या वेळी अर्ज द्या म्हणाले. गंगुबाईंनी त्यांना, चाळीतलं टोपणनाव घेऊन, तुझ्या कुल्ल्यावर त्रिगुणी लसीचा डोस याच बाईच्या आधीच्या बाईने टोचला होता, असं ऐकवलं. नाशिकची बाई हसली. सामंतही हसले आणि गेले.

मॉडबाई हसल्या नाहीत. बुधवार, पाच तारीख, केंद्रावरचा शेवटचा लसीचा दिवस होता. त्या दिवशी प्राची येणार नव्हती, हे तिने जाळीतून सांगितलेलंच होतं. त्यांनी वही उघडली. ओवीच्या नावापुढे, तीन रेघांच्या खाली, एक जागा कोरी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

नऊ पंचवीसला लिफ्ट अकराव्यावर थांबली. प्राची बाहेर आली, कडेवर ओवी, खांद्यावर ऑफिसची पर्स आणि पाळणाघराची पिशवी.

“पुलापर्यंत गेले होते,” ती म्हणाली. एवढंच.

ती दिवाणाच्या कडेला बसली. मॉडबाईंनी हात धुतले, ओवीला आज जुलाब-उलटी नाही ना, ते विचारलं, लसीवरची तारीख वाचली. ओवीचं डोकं प्राचीच्या कोपरात आडवं केलं, गाल किंचित दाबला आणि गालाच्या आतल्या बाजूला डोस हळूहळू सोडला. ओवीने तोंड वाकडं केलं आणि गिळला. घड्याळात नऊ अठ्ठावीस झाले होते. पहिला वाढदिवस तीन दिवसांवर होता.

“विनयाचो नातू हो?” गंगुबाईंनी विचारलं, आणि नात आहे हे कळल्यावर तिच्या करंगळीवरच्या पुसट होत आलेल्या शाईकडे बघत राहिल्या. विनया म्हणजे विनीतची आई. प्राचीने तिला फोटोतच पाहिलं होतं.

“तुम्ही ओळखायचात आईंना?”

गंगुबाईंनी सांगायला सुरुवात केली. प्राचीने घड्याळ पाहिलं, उभी राहिली, आणि म्हणाली की आता नाही, उशीर झालाय. दारात वळून तिने मॉडबाईंना विचारलं, “पुढचा?”

“चार आठवड्यांनी. तीन मार्च, सोमवार.”

“आठ पन्नासला निघते मी.”

“मी आठला असते.”

आभार कोणी मानले नाहीत. माफीचं बोलणंही निघालं नाही. मॉडबाईंनी कोऱ्या जागेत तारीख लिहिली, ‘रोटा १’ लिहिलं, सही केली. डब्याचं झाकण बंद केलं आणि तो केंद्रात पायी परत नेला.

त्यानंतरच्या चार आठवड्यांत काही फारसं बदललेलं नाही. वॉचमन अजून वहीत नाव लिहायला लावतो, फक्त आता कोणाकडे ते विचारत नाही, स्वतःच गंगुबाईंचा ११०२ लिहितो. प्राची एका शनिवारी ओवीला घेऊन गंगुबाईंकडे गेली होती, असं गंगुबाई सांगतात. अर्धा तास बसली, पुन्हा आलेली नाही. गंगुबाईंचं दार उघडं आहे आणि तिसरी नोटीस आली आहे. मॉडबाई मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी इमारतीत फिरतात. त्याची नोंद कुठे होत नाही. नव्या नकाशात बेचाळीस चौकोन अजून रिकामे आहेत.

या रविवारी, २ मार्चला, दुपारी दीडला कॅरिसाचा फोन आला. नातवाला सर्दी आहे. कॅमेऱ्यासमोर त्याला धरलं तेव्हा तो झोपलेला होता. मॉडबाईंनी खातोय का विचारलं, पाणी पितोय का विचारलं. फोन सहा मिनिटं चालला.

संध्याकाळी पाचला त्या पुन्हा केंद्रात होत्या. रस्त्यावर क्रिकेट चाललं होतं. आत फ्रिजच्या मोटरीशिवाय आवाज नव्हता. अधिक पाच. तारीख, वेळ, आकडा, सही. मग त्यांनी बर्फाचे चार पॅक डीप फ्रीजरमध्ये आहेत ना ते पाहिलं, निळा डबा पुसून उलटा ठेवला आणि शटर ओढलं.

उद्या सोमवार, ३ मार्च. सकाळचं तापमान साडेसातला लिहिलं जाईल, नेहमीपेक्षा दीड तास आधी, कारण आठ वाजता डबा अकराव्या मजल्यावर पोहोचायला हवा. यादीत सहा नावं आहेत. पहिलं: ओवी विनीत तांबे, १९०४, रोटा २.